दीड वीत

आकडा लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की तो आपण वाचलेलाच नाही. पाच मीटर अडतीस. पेन्सिलीनं, नेहमीच्या नेटक्या वळणात, तक्त्याच्या शेवटच्या ओळीत. डाव्या हातातली मापाची काठी अजून उभीच होती. तिचं लांबवलेलं टोक वर पुलाच्या तुळईला टेकलं होतं आणि छातीच्या उंचीवर, काठीच्या बुडाकडच्या छोट्या खिडकीत, आकडा दिसत होता. म्हणजे दिसायला हवा होता. पहिला पाच दिसत होता, शेवटचा आठ दिसत होता. मधल्या अंकाच्या जागी ओल्या बोटानं पुसल्यासारखा राखी डाग होता, आणि तो डाग काठीवर नव्हता. त्यानं मान जराशी वळवून नजरेच्या कडेनं बघितलं. अंक तीन झाला, मग शून्य झाला, मग पुन्हा नाहीसा झाला. वरून एक अवजड गाडी गेली आणि तिचा थरथराट काठीतून त्याच्या मनगटात उतरला. तीन असेल तर पाच-अडतीस. शून्य असेल तर पाच-शून्य-आठ. जुन्या तक्त्यात ह्या पुलाची उंची पाच-बेचाळीस होती. त्यानंतर रस्त्यावर डांबर चढलं होतं. एक थर चार सेंटिमीटरचा धरला तर अडतीस बरोबर जमत होतं. जमत होतं म्हणूनच हातानं ते परस्पर लिहून टाकलं असावं. पण रस्ता नुसता डांबरला होता की खाली भराव घालून उचलला होता, हे जमिनीकडे बघून सांगता येत नव्हतं. पलीकडच्या कडेनं एक बाई दोन पिशव्या सांभाळत चालली होती. 'बाई, जरा हा आकडा वाचता का?' एवढंच म्हणायचं होतं. ती जवळ आली, त्याच्या काठीकडे बघून जरा बिचकली, आणि गेली. त्यानं काठी मिटली.

अवजड आणि उंच माल रस्त्यानं नेणाऱ्या कंपनीत तो सत्तावीस वर्षं रस्ते मोजत आला होता. बॉयलर, पुलांच्या तुळया, एकदा तर अख्खी तेलाची टाकी. माल निघण्याआधी त्यानं वाट चालून यायची. प्रत्येक पूल, प्रत्येक तार, प्रत्येक झुकलेली फांदी मोजून तक्त्यात भरायची. यार्डात त्याला टेप म्हणत. नवे लोक टेपसाहेब म्हणत, जुने टेपराव. ह्या खेपेला माल होता शिडाची होडी. बंदरातून उचलून तीनशे किलोमीटर आत, धरणाच्या तलावावर न्यायची. डोलकाठी उतरवून तिच्या कडेला आडवी बांधलेली, पोटाखालचा, पाण्यात तोल राखणारा शिशाचा पंखा लाकडी पाळण्यात बसवलेला, आणि सगळं मिळून ट्रेलरवर चार मीटर पंचाण्णव. हे माप पक्कं होतं, कारण ते यार्डात घेतलं होतं आणि खिडकीतला आकडा मालावर बसून जाणाऱ्या, सगळे मामा म्हणत त्या माणसानं वाचला होता. पूर्वी रस्त्यावरही दोघं जात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं परत म्हणायचं आणि मग लिहायचं, अशी रीत होती. त्याचा जोडीदार सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाला आणि त्याची जागा ऑफिसातल्या मॅडमनी भरली नाही. "तुम्ही एकटे दोघांना भारी आहात," असं त्या म्हणाल्या होत्या आणि तो खुळ्यासारखा खूश झाला होता. तेव्हापासून वाचायचाही तोच, परत म्हणायचाही तोच. रस्त्याच्या कडेला एकटा उभा राहून तो स्वतःला आकडा सांगायचा आणि स्वतःच हो म्हणायचा.

पाच-अडतीसातून चार-पंचाण्णव गेले की त्रेचाळीस उरतात. पाच-शून्य-आठातून गेले तर तेरा. होडी त्रेचाळीसातून जाणार होती आणि तेरातूनही जाणार होती. प्रश्न होडीचा नव्हताच. होडीवर मामा असणार होता. उंच मालावर एक माणूस लागतोच. वाटेत आडव्या येणाऱ्या तारा कोरड्या लाकडी बेचक्यानं उचलायच्या, माल पुढं सरकला की सोडायच्या. पूल आला की त्यानं मालावर उताणं पडायचं आणि वरची फट डोळ्यांनी राखायची. फट दीड वीत असेल तर वर राहायचं, कमी असेल तर शिडी लावून उतरायचं, असा त्यांच्यातला नेम होता. उतरायचं म्हणजे कमरेचे पट्टे सोडा, शिडी आणा, पुन्हा चढा, पुन्हा बांधा. त्यात वीस मिनिटं जात आणि पोलीस रस्ता अडवून देत तोही तेवढाच वेळ. म्हणून उगाच कोणी उतरत नसे. मोजणाऱ्यानं पुलाखाली उभं राहायचं, वरच्यानं विचारायचं, "किती?" आणि मोजणाऱ्यानं तोंडानं सांगायचं. कागद ऑफिससाठी होता. वरचा माणूस तोंडच्या आकड्यावर पडून राहत असे. दीड वितीला मामा स्वतःच्या हाताची वीत धरायचा आणि त्याचा हात मोठा होता.

ऑफिसात मॅडमनी तक्ता घेतला आणि न बघता खाली शिक्का मारला. त्या फोनवर होडीच्या मालकाशी बोलत होत्या. मालक दाताचे डॉक्टर होते आणि रोज दोनदा फोन करत. "घ्या, तुमच्याशीच बोलायचंय त्यांना," म्हणून त्यांनी रिसीव्हर त्याच्याकडे दिला. "हे बघा," डॉक्टर म्हणाले, "वर कोणी माणूस बसणार आहे असं कळलं. माझी हरकत नाही. पण त्याला मऊ तळाचे बूट घालायला सांगा. डेकचं लाकूड फार नाजूक आहे. मी पाठवतो बूट, मापाचं काय?" आठ, असं तो म्हणाला. मामाच्या पायाचं माप त्याला ठाऊक होतं. "आणि पुलांचं तुम्ही बघितलंय ना सगळं?" बघितलंय, असंही तो म्हणाला. रिसीव्हर ठेवताना मॅडमच्या टेबलावरचा तक्ता त्याला उलटा दिसत होता. नऊ पूल, नऊ आकडे. धरणाकडून सुरुवात करून बंदराकडे मोजत यायचं ही त्याची पद्धत. त्यामुळे जाताना लागणारा पहिला पूल त्यानं सगळ्यात शेवटी मोजला होता. वरच्या आठ आकड्यांकडे त्याचं लक्ष गेलं नाही. त्याला सलत होता तो एकटा नववा.

डाग आठ महिन्यांपूर्वी आला होता. आधी उजव्या डोळ्यात, छापील ओळीत एखादं अक्षर खड्ड्यात पडल्यासारखं दिसे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथं कोणी ओळखणार नाही अशा ठिकाणी, तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं कागदावर एक वर्तुळ काढलं, त्याच्या मध्यावर पेन गिरवलं आणि म्हणाला, "हे जाईल. कडा राहतील." "किती दिवसांनी?" "ते मोजून सांगता येत नाही." मग डावाही लागला. माणसांचे चेहरे मध्यभागी विरघळू लागले, कान आणि खांदे राहिले. तो माणसांना चालीवरून, खोकल्यावरून ओळखू लागला, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. एक गोष्ट डॉक्टरनं सांगितली होती आणि ती त्याला तेव्हा दिलाशाची वाटली होती: मेंदू कामसू असतो, मधलं गेलेलं तो आजूबाजूचं बघून भरून काढतो, म्हणून पुष्कळांना बरेच दिवस कळतच नाही.

वडील शिंपी होते. रस्त्याला उघडणारी एकच खोली, मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीवर गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्या खिळ्याला टोचलेल्या. त्यांचे डोळे गेले ते असेच, बोलून न दाखवता. एका पँटचा एक पाय बोटभर आखूड झाला. गिऱ्हाईक काही बोललं नाही. पैसे दिले आणि गेलं. शाळेतले एक मास्तर कॉलर तिरकी बसलेला शर्ट दोन वर्षं घालत होते. वर्गात फळ्याकडे वळले की ती तिरकी कॉलर त्याच्या डोळ्यांसमोर यायची आणि तो वहीत डोकं घालायचा. आई दुपारी, वडील जेवून आडवे झाले की, टाके उसवून परत घालायची. किती कपडे तिनं असे सावरले कोण जाणे. सगळं कापड विरावं तसं हळूहळू झालं. गिऱ्हाइकं एकेक करून यायची बंद झाली, नमस्कार मात्र करत राहिली. "लोकांना आता तयार कपडे लागतात," वडील म्हणायचे. शेवटपर्यंत ते तसंच मानत गेले, आणि घरातल्या कोणीही त्यांना खरं सांगितलं नाही. लहानपणी त्याला हे प्रेम वाटायचं. पुढं कधीतरी त्याला त्या मास्तरांचा राग आला होता. त्यांनी एकदा, फक्त एकदा, दारात येऊन ओरडायला हवं होतं. पण शर्टानं कोणी मरत नाही, हेही खरं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको भाजी निवडत बसली होती. त्यानं चपला काढल्या, हात लांब केला आणि किल्ली खिळ्याला लावली. खिळा हाताला बरोबर लागला. मग त्याच्या मनात आलं, की हा खिळा पूर्वी इथं नव्हता. दाराच्या उजव्या बाजूला, वीतभर खाली होता. किल्लीला लाल लोकरीचा गोंडा बांधलेला होता. पाण्याचा तांब्या बरोबर ओट्याच्या कोपऱ्यात होता आणि काल, परवा, गेले कित्येक दिवस तिथंच होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीला कडेनं पांढरा पट्टा ओढलेला होता. चाळीतल्या कोणीतरी ओढला असेल असं त्यानं धरलं होतं. तो मोरीशी उभा राहिला आणि त्यानं नळ उगाच चालू ठेवला. "अहो, पाणी वाहतंय," ती म्हणाली. "उद्या पहाटे निघायचंय," तो म्हणाला. "होडी का?" "हो." "मामा वर आहेत?" "मामाच." भाजीच्या देठांचा कट् कट् आवाज येत राहिला, मग थांबला. "तुमच्याबरोबर काठी धरायला कोणी देणार होते ना मॅडम?" तिनं विचारलं. "द्यायला हवं कुणीतरी. एकट्यानं काय काय बघायचं माणसानं?" तिला माहीत होतं. तिच्या आवाजात ते इतकं स्वच्छ होतं की तिच्याकडे बघायचीही गरज नव्हती. आता तो बोलला असता तर ती बोलली असती. तो म्हणाला, "मीठ कमी घाल आज," आणि ती बरं म्हणाली.

पहाटे यार्डात होडी पांढरीफटक उभी होती. जमिनीवर आणल्यावर होड्या फार मोठ्या दिसतात. पाण्यात लपलेलं सगळं पोट उघडं पडतं आणि बघायला संकोच वाटतो. ट्रेलरचा ड्रायव्हर, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, प्रत्येक साखळीवर हातोडी मारून आवाज ऐकत फिरत होता. मामा डॉक्टरांनी पाठवलेले बूट घालून डेकवर मिरवत होता. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, आणि तारा उचलायचं बेचकं खांद्यावर. "टेपराव," तो वरून ओरडला, "होडीत बसवताय मला, पण पोहायला येत नाही बरं का!" "रस्त्यानंच जायचंय," उस्ताद म्हणाला. "मग तर बुडालोच! तू चालवणार म्हटल्यावर." "बूट बघा, बूट. सासरहून आल्यासारखे." "सासऱ्यानं चप्पलसुद्धा दिली नव्हती रे. ह्या दात उपटणाऱ्यानं दिले. माझ्या पायांची नाही, फळ्यांची काळजी, पण दिले." मामा हसला. खाली उभ्या टेपरावला वाटलं, इथंच सांगावं. यार्डात, चहाचा ग्लास हातात असताना, बोलता बोलता. मामा, त्या पहिल्या पुलाचं जरा बघायला लागेल. पण मग 'का?' असं कोणीतरी म्हणणार होतं. त्या एका शब्दापाशी त्याची वाट दर वेळी संपत होती. तो पुढच्या गाडीत जाऊन बसला.

पुलाशी दोन पोलिसांनी रस्ता अडवला. तो गाडीतून उतरून तुळईखाली, नेहमीच्या जागी, उस्तादला दिसेल असा उभा राहिला. ट्रेलर तीस पावलांवर येऊन थांबला. इंजिनाची धडधड छातीत येत होती. वर, आभाळाच्या उजेडात, होडीची धार आणि तिच्यावर मामाचं उताणं पडलेलं पोट, एवढं दिसत होतं. रात्रीतून त्यानं एक थाप जुळवून ठेवली होती: मागची साखळी सैल वाटते, मामा, उतरून बघा. साधी, कोणाला न दुखावणारी थाप. ह्या पुलापुरती ती पुरली असती. "टेपराव, किती?" मामानं विचारलं. त्याच्या आवाजात कसलाच प्रश्न नव्हता. जेवायला बसलेला माणूस पानात काय आहे ते विचारतो, तसा तो विचारत होता. 'त्रेचाळीस' हा शब्द तोंडात तयार होता आणि साखळीची थापही तयार होती. त्यानं दोन्हींची वाट बघितली. "उतरा," तो म्हणाला.

"काय?"

"उतरा, मामा."

"अहो, त्रेचाळीस आहे म्हणाला ना उस्ताद. कागदावर आहे."

"कागद सोडा. मला तो आकडा दिसला नाही." एवढं बोलून झाल्यावर पुढचं आपोआप आलं. "मला मधलं दिसत नाही. चेहरे दिसत नाहीत. तुम्ही उतरा."

एक पोलीस घड्याळ बघत म्हणाला, "काय चाललंय? आवरा." उस्ताद खाली उतरला, त्यानं पुढच्या गाडीतून काठी काढली, तुळईला लावली आणि खिडकीत डोकं घातलं. खूप वेळ गेला. कदाचित गेला नसेल. "अडतीस," उस्ताद म्हणाला. "पाच-अडतीस. अहो, बरोबर आहे की तुमचं!" मामा वर पडल्या पडल्या हसला आणि त्यानं फळीवर थाप मारली. "टेपराव, सकाळी सकाळी जीव घेता काय माझा? चेष्टा करायची तर बायकोची करा." उस्ताद काठी मिटत जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "डोळ्यात कचरा गेला असेल. होतं असं. मॅडमना कशाला सांगायचं? चला, वेळ होतोय." तो खरंच चांगला माणूस होता. त्याचा हात खांद्यावर होता आणि त्या हातात माफी होती, जुनी ओळख होती, तिरक्या कॉलरीचा शर्ट निमूट घालणारी माणुसकी होती. मान हलवली की झालं असतं. आकडा तर बरोबरच निघाला होता.

"पुढचे आठ पूल परत मोजा," तो म्हणाला. "तुम्ही वाचा. मी वाचलेलं धरू नका."

"पण ते तर तुम्ही मोजलेत."

"मोजलेत. वाचलेत की नाही, ते मला सांगता येत नाही."

उस्तादनं खांद्यावरचा हात काढला. मग जरा वेळानं तोच हात त्याच्या कोपराखाली आला. "इकडून या. खड्डा आहे," उस्ताद म्हणाला, मोठ्यानं आणि सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं. खड्डा त्याला दिसत होता. खड्डे कडेनं छान दिसतात. त्याला पुढच्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं आणि दार बाहेरून लावलं.

दुसरा पूल कालव्याचा. तक्त्यात पाच-एकसष्ट. तो आकडा त्याला चांगला आठवत होता. सावलीत गार वाटलं होतं, एक माणूस गळ टाकून बसला होता, आणि खिडकीतला सहा त्याला इतका ठसठशीत दिसला होता की त्यानं तो परत म्हणूनही बघितला नव्हता. ह्या आकड्याची त्याला कधीच शंका आली नव्हती. काचेतून त्यानं उस्तादची आकृती पुलाखाली जाताना बघितली. काठी वर गेली. आकृती वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. मग त्यानं पोलिसाला हाक मारली आणि पोलीसही वाकला. वरून मामा ओरडला, "किती रे?" उस्तादनं ओरडून उत्तर दिलं नाही. तो चालत ट्रेलरपाशी गेला, होडीच्या पोटाला हात टेकून उभा राहिला आणि वर तोंड करून हळू आवाजात म्हणाला. गाडीची काच खाली होती, ऐकू आलं. "पाच-अकरा, मामा. सोळाच उरतात. दोघांनी बघितलं."

शिडी लागली. पट्ट्यांच्या कड्या वाजल्या. मऊ तळाच्या बुटांचा आवाज येत नाही, त्यामुळे मामा गाडीच्या खिडकीशी आला ते त्याला विडीच्या वासावरून कळलं.

"डोळ्यांचं कधीपासून?"

"आठ महिने."

"पण दोन महिने जोडीदार वाचत होता."

"हो. तो गेल्यापासून मीच."

"सहा महिने," मामा म्हणाला. मग तो बोटांवर मोजू लागला, अंगठा पेरांवरून सरकवत, अगदी हळू. "बॉयलरच्या वेळी गिरणीचा पूल. मग रेल्वेचा, तो जोडपूल. त्या खेपेला मी नाक वर करून पडलो होतो, गंज पडत होता तोंडावर. मग तुळयांची खेप, त्यात चार." एक हात संपला, दुसरा सुरू झाला. उस्ताद येऊन मागं थांबला होता. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाशी मामा अडखळला, मागं आला, पुन्हा मोजू लागला, आणि मग मोजायचं त्यानं सोडून दिलं. हात खाली गेले.

"बोलायचं होतं की हो," मामा म्हणाला. एवढंच. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

पोलिसानं शिट्टी मारली. उस्ताद ट्रेलरच्या केबिनमध्ये चढला, इंजिन वाढलं, आणि होडी रिकाम्या डेकनं पुलाखाली शिरली. तो मागच्या सीटवर श्वास धरून ऐकत होता. काही घासलं नाही, काही वाजलं नाही. मामा होडीच्या बाजूनं, रस्त्यावरून, मान वर करून चालत होता. दुसऱ्या बाजूला होडी उजेडात आली तेव्हाही तो पुलाखालीच थांबलेला होता, वर तुळईकडे बघत, एक हात डोक्यावर उंच धरून, पंजा पसरून.